दामोदरच्या रात्री

गिरणगावात सगळ्यांची रात्र एका वेळी कधी झालीच नाही. दुसरी पाळी सुटायची तेव्हा तिसरी आत शिरायची. गावकीच्या खोलीत वळकट्यासुद्धा पाळीपाळीनं अंथरल्या जायच्या. अशा माणसांच्या वस्तीत, परळला, १९२२ मध्ये दामोदर हॉल उभा राहिला. तो ज्या सोशल सर्व्हिस लीगचा, ती संस्था ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेली. ती कामगारांसाठी रात्रशाळा चालवायची, वाचनालयं चालवायची. दिवसभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री अक्षर हवं तसा खेळही हवा, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी मनापासून वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी दामोदर बंद झालं. नवं नाट्यगृह आधीपेक्षा लहान होईल आणि त्याचा नंबर त्याच आवारातल्या शाळेच्या इमारतीनंतर लागेल, या धास्तीनं कलावंतांनी आवाज उठवला. नाट्य परिषदही त्यांच्या बाजूनं उभी राहिली. इमारत जुनी झाली होती, हे मी नाकारत नाही. शाळेला जागा हवी, तेही खरंच. माझा जीव अडकलाय तो तिथल्या शनिवार-रविवारच्या रात्रींत.

दामोदरला व्यावसायिक नाटकं झालीच, पण ते खरं आपलंसं केलं कोकणातल्या मंडळांनी. रत्नागिरीकडचं नमन, चिपळूण-संगमेश्वरचा शक्ती-तुरा, सिंधुदुर्गातला दशावतार. गावात रात्रभर चालणारं नमन इथं तीनेक तासांत बसवायचं, म्हणून गण-गवळण आटोपशीर आणि वग जरा लांब. मृदंगावर थाप पडली की मागच्या रांगेतली म्हातारी माणसं पुढे सरकून बसत. संकासुर आला की पोरं आधी आईच्या मागे लपत, मग खुर्चीवर उभी राहत. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर ठाकले की प्रेक्षागृहाचेही सरळ दोन तट. शाहिरानं पुराणातला एखादा अडचणीचा सवाल टाकला आणि समोरच्याला उत्तर सुचायला वेळ लागला, तर त्या शांततेत सगळं घर श्वास रोखून बसे. मालवणी मुलखातला दशावतारी तर लिहिलेल्या संहितेविना उभा राहतो. कोणत्या राजाचं आख्यान हे ठरलेलं, संवाद मात्र त्या रात्रीचे. पुढच्या रांगेतून कुणी दाद दिली की त्यालाही उत्तर मिळे. अशी रात्र दुसऱ्यांदा बघायला मिळत नाही.

या प्रयोगांचा हिशेब वेगळा असतो, आणि लहान नाट्यगृहाची भीती तिथंच आहे. मंडळाची माणसं आठवडे आधी घरोघर फिरतात. ‘काका, दोन तिकिटं तरी घ्या, देवळाचं काम काढलंय.’ देऊळ, सभागृह, एखाद्या आजारी गाववाल्याचं ऑपरेशन. तिकिटाचा पैसा तिकडे जातो. भाडं, रंगभूषा, कपडेपट, वादकांची बिदागी आणि गावाहून येणाऱ्यांचा प्रवासखर्च, हे सगळं आधी भागवायचं. उरतात त्या शेवटच्या शे-दीडशे खुर्च्यांचे पैसे. खुर्च्या कमी केल्या की नेमक्या त्याच जातात. भाडं वाढलं की तिकीट वाढतं, आणि चारजणांचं कुटुंब घरीच थांबतं.

जागेचंही तसंच. परळ आणि प्रभादेवी ही दोन स्थानकं पुलानं जोडलेली, म्हणजे विरारचा माणूस पश्चिम रेल्वेनं आणि बदलापूरचा मध्य रेल्वेनं येऊन एकाच दारात भेटणार. गिरणी कामगारांचा संप १९८२ मध्ये झाला, गिरण्या गेल्या, चाळीतली घरं विकून माणसं नालासोपारा, दिवा, डोंबिवलीला गेली. तरी भेटायला परळच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त प्रेक्षागृहाला ती अडचण नाही. मैदान हे नाट्यगृहाला पर्याय होऊ शकत नाही, ते यासाठीही.

दामोदरपासून थोड्याच अंतरावर कमला मिल आणि फिनिक्सच्या आवारात आज मध्यरात्रीनंतरही दिवे असतात. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारनं मुंबईतले मॉल आणि खाण्यापिण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा मुंबईच्या रात्रीच्या जीवनाची पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत नमन कुठं ऐकू आलं नाही. या शहरात रात्री जागण्याची सवय गिरणी कामगारांनी लावली. त्यांच्या नातवंडांना शनिवारी रात्री परवडेल असं एक दार परळमध्ये उघडं असावं, एवढा हक्क त्यांचा नक्कीच आहे.

म्हणून नुसतं ‘नाट्यगृह होणार’ या आश्वासनानं माझं समाधान होत नाही. आसनं किती, मंडळांसाठी भाडं किती, महिन्यातल्या किती शनिवार-रविवारच्या रात्री लोककलांसाठी राखून ठेवणार, हे कागदावर यायला हवं. आणि तोवर? मधली वर्षं मोकळी गेली तर मृदंग शिकणारा पोरगा दुसरीकडे वळतो, तिकिटं खपवणारा कार्यकर्ता थकतो, मंडळाची नोंदवही कपाटात जाते. नवी खुर्ची विकत आणता येईल, पण ही माणसं नव्यानं जमवायला एक पिढी लागेल. पालिकेची नाट्यगृहं विलेपार्ल्याला, बोरिवलीला, मुलुंडला आहेत. तिथं या मंडळांना सवलतीनं तारखा देणं आजही शक्य आहे. गणपतीला गावाकडच्या गाड्या भरायला लागतात, त्याआधीच्या रविवारांच्या तारखा तरी यंदाच मिळायला हव्यात.