रापी आणि आरी

मृगाजिन पवित्र मानणाऱ्या आमच्या वर्गाने चामडे कमावणाऱ्या हातांस मात्र दूर ठेविले. निवृत्तीनंतर छंद म्हणून आम्ही रापी हाती घेतली, तेव्हा ही विसंगती अधिकच बोचली. या विद्येतील आमचे गुरू कोल्हापूरचे एक कारागीर. घरातील काहींना न रुचले तरी ते आमच्याच पंक्तीस जेवतात.

नवशिक्याने हिरडा व बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे घेऊन प्रथम चष्म्याचे घर करावे. रापीस वरचेवर धार द्यावी. बोथट पात्याने कड ओढली जाते. भोके समान अंतरावर आखून आरीने पाडावी. मग मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा न्यावा. एक टाका तुटला तरी शेजारचे सहसा उसवत नाहीत. यंत्राच्या शिवणीस हे साधत नाही.