मानेतील धमनी आणि हाताशी असलेला वेळ

मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या जबड्याच्या कोनाजवळ दुभंगतात आणि त्यांची आतली शाखा मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागाला रक्त पुरवते. या फाट्यावर वर्षानुवर्षे साचलेल्या मेदाच्या थरावर गुठळी धरली, की धमनी तिथेच बंद होते किंवा गुठळीचा तुकडा वर जाऊन मेंदूत अडकतो व पक्षाघात होतो. मात्र रक्त तुटलेला सगळा भाग लगेच मरत नाही. शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर त्यातील बराचसा काही तास तग धरतो, आणि तो वाचवणे हेच तातडीच्या उपचारांचे उद्दिष्ट असते.

प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या भावाला दुपारच्या जेवणानंतर हा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, तेव्हा रुग्णालयात सर्वप्रथम विचारले गेले ते एवढेच, की ते शेवटचे पूर्णपणे ठीक कधी दिसले होते. ताट उचलताना आपल्याशी ते नीट बोलल्याचे वहिनींना आठवत होते, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या वेळेपासून मोजला गेला. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेस हे औषध 1995 मधील अमेरिकी चाचणीने तीन तासांपर्यंत आणि 2008 मधील युरोपीय चाचणीने साडेचार तासांपर्यंत उपयुक्त ठरवले आहे. पण मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास तेच घातक ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन करून आणि रक्तदाब 185/110 च्या खाली आणूनच ते शिरेतून सुरू करण्यात आले.

सीटी अँजिओग्राफीत डावी कॅरोटिड मानेत बंद आणि तिच्या वाटेवर मेंदूतही गुठळी, असा दुहेरी अडथळा दिसला. अशी मोठी गुठळी केवळ औषधाने क्वचितच सुटते, त्यामुळे जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन ती ओढून काढण्याची, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमीची, निवड झाली. 2015 मध्ये अनेक चाचण्यांनी या पद्धतीचा लाभ सिद्ध केला आणि 2018 मध्ये, वाचण्याजोगा भाग स्कॅनवर दिसणाऱ्या निवडक रुग्णांसाठी तिची मुदत 24 तासांपर्यंत वाढली.

खरा पेच मानेतील अरुंद जागेचा होता. तिथे त्याच वेळी स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, बसवल्यास वाट खुली राहण्याची शक्यता वाढते, परंतु जाळीत पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे लगेच द्यावी लागतात आणि अल्टेप्लेसनंतर त्यांनी मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी दोन्ही बाजू कुटुंबासमोर मांडल्या आणि त्या वेळी फुग्याने धमनी रुंदावून, साचलेला थर काढण्याची शस्त्रक्रिया, एंडार्टरेक्टॉमी, दोन आठवड्यांच्या आत करण्याचे ठरले. झटक्यानंतर 70 टक्क्यांहून अधिक अरुंद, पण पूर्ण बंद नसलेल्या धमनीवर ही शस्त्रक्रिया नव्या झटक्याचा धोका बराच कमी करते, हे 1991 पासून प्रस्थापित आहे. धमनी कायमची बंदच राहिली, तर मात्र सहसा औषधे आणि रक्तदाब, साखर व तंबाखू यांवरील नियंत्रण एवढाच मार्ग उरतो.

भावाचे चालणे पूर्ववत झाले, बोलण्यात अडखळणे राहिले, आणि वाणी-उपचार आजही चालू आहेत. उपचारांची निवड तज्ज्ञांनीच करायची असते; पण ती कितीही निष्णात असली तरी तिची पहिली माहिती घरातूनच येते, आणि म्हणून तोंड वाकडे होणे, हात गळणे किंवा बोबडे बोलणे दिसताच घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवणे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय विनाविलंब गाठणे हे कुटुंबीयांचे कर्तव्य उपचारांचाच भाग मानले पाहिजे.