आळस आणि शीण

बालकवींवर बोलताना आम्हा दोघांचाही आवाज नकळत हळवा होतो. धरणगावला १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७च्या जळगाव कविसंमेलनात ऐन सतराव्या वर्षी 'बालकवी' ही उपाधी मिळवणारे. आणि ५ मे १९१८ रोजी त्याच जळगावनजीक भादली येथे रेल्वे अपघातात गेलेले. त्यांच्या कवितेतले कारण न सापडणारे औदासीन्य, एकाने जळगावात आणि दुसऱ्याने धुळ्यात, आम्ही वर्षानुवर्षे तासच्या तास उलगडून दाखवले आहे. आणि धुळ्याच्या त्याच वर्गात मागच्या बाकावर डोके टेकून बसणाऱ्या मुलाच्या नावापुढे आम्ही 'लक्ष नाही' असा शेरा मारला.

मुलगा साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला, कोकणा घरचा, अकरावीसाठी वसतिगृहात राहिलेला. पावरी सुरेख वाजवी. पहिल्या दहा मिनिटांत त्याचे प्रश्न नेमके असत, पुढे नजर विझल्यासारखी होई. दिवाळीनंतर पावरी पेटीत गेली. तिला दम लागतो, तो पुरेना. "रात्रभर मोबाइल बघत असेल," असे आम्ही फोनवर एकमेकांना सांगून मोकळे झालो.

पौषाच्या थंडीत एका रात्री पाठीत आणि गुडघ्यांत असह्य कळा आल्या म्हणून त्याला दवाखान्यात नेले, तेव्हा 'सिकलसेल' हा शब्द पुढे आला. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्यासारखी वाकलेली पेशी जेमतेम दहा ते वीस. शरीराला प्राणवायू सतत तोकडा पडतो, दुखण्यामुळे झोप मोडते, आणि काही मुलांच्या मेंदूत बाहेरून कळूही न येणारे बारीक आघात होऊन अवधान ढळते. डोके बाकावर का टेकत होते, ते हे.

आम्ही भाषेची माणसे, म्हणून भाषेतच शोधत राहिलो. थकवा 'उतरतो', शीण 'घालवता' येतो, मरगळ 'जाते', आळस 'झटकता' येतो. आपली क्रियापदे शेवट गृहीत धरूनच चालतात. विश्रांतीनेही न उतरणाऱ्या शिणासाठी आमच्या हाती क्रियापद नव्हते, म्हणून आम्ही त्यातला दोष लावणारा एकच शब्द उचलला. (कवीला औदासीन्य, विद्यार्थ्याला आळस!)

विशेष म्हणजे १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तो रुग्णही विद्यार्थीच होता. ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर नोएल. त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी जाऊन व्यवसाय केला आणि १९१६ साली तो न्यूमोनियाने गेला. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाली. त्याआधी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला होता. हा कायदा आम्हाला ठाऊक असायला हवा होता. नव्हता.

वर्गात आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो संकोचला. "सर, मलाही वाटायचं मी आळशीच आहे," एवढेच म्हणाला. हे आम्हाला शेऱ्यापेक्षा अधिक लागले.

आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू आहेत. पाण्याची बाटली घेऊन तो पहिल्या बाकावर बसतो. मध्येच उठून बाहेर जाण्याची मुभा आहे. पाठ आम्ही तुकड्यातुकड्यांनी घेतो, आणि इतरांनाही ते बरे पडते असे दिसते. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात यंदा त्याने पावरी थोडाच वेळ वाजवली, मग चुलतभावाच्या हाती दिली. भोपळा, बांबू आणि शिंग जोडून ती कशी घडवतात यावर मात्र तो लिहू लागला आहे. चार पाने झाली आहेत. पाचवे पंधरा दिवस अडले आहे. आम्ही विचारत नाही.