पेठांचे वार आणि आमची वस्ती

पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत. रात्रपाळी सुटली की कधीमधी मी त्यांतून चालत जातो, पाट्या वाचत. शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण पाट्यांवर नि रद्दीवर झालं.

बुधवार पेठ आधी मोहियाबाद होती. रविवार पेठ मलकापूर, सोमवार शहापूर. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. पेशव्यांचं राज्य आलं, नावांचे वार झाले. सदाशिव, नारायण तर त्यांच्या घरातलीच माणसं. म्हणजे नाव काही देवानं कोरलेलं नसतं.

कसब्यातल्या तांबट आळीत अजून तांबं ठोकल्याचा आवाज येतो. बुरूड आळी, शिंपी आळी. हाताच्या कामावरून पडलेली नावं, लोक ती ताठ मानेनं सांगतात. आमच्या माणसाला मात्र त्याच पुण्यात कमरेला झाडू नि गळ्यात मडकं बांधून चालावं लागे, असं बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. स्वतःचं पाऊल स्वतःच पुसत जायचं. त्याच्या नावाची आळी कुठून असणार?

गंज पेठेत जोतिबांनी १८६८ साली घरचा हौद आम्हांला उघडा केला. ती आता महात्मा फुले पेठ आहे. तेवढी पाटी मी थांबून वाचतो.

आमचं बावधन मुळशीतलं. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. थोरलंही २०२१ साली महापालिकेत गेलं. टोलेजंग सोसायट्यांना जिभेवर न बसणारी नावं, ती सगळ्यांना पाठ. आणि आमची वस्ती? जातीच्या नावानंच वळखायची. दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, शिवीत.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी ठेवायची. मी आबांना म्हटलं, "नाव पुसलं तर केलेलंबी पुसलं जाईल. उद्या पोरांना कसं कळायचं, आपल्याला कुठं ठेवलं हुतं?"

आबा तंबाखू मळत म्हणाले, "तू लिवतूस न्हवं? मग त्यात ठिव ते नाव. माज्या रेशनकार्डावर नगं."

संपादक, पुढचा अंक समतानगरच्या पत्त्यावर धाडा. पोस्टमन अजून जुनंच नाव घेऊन विचारतो. तरी धाडा.