वाचून दाखवणारे

चांदूर बाजारात डोळ्यांचा दवाखाना टाकला की अंध संत गुलाबराव महाराज टाळता येत नाहीत. त्यांचं माधान जवळच, गावात भक्तिधाम, आणि कितीतरी पेशंटांच्या घरी भिंतीवर तसबीर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला झोपलेल्या आजीबाई आधी महाराजांचं नाव घेतात, मग मला बजावतात, "तुमीबी नीट करा जी."

त्यांची पुस्तकं मी भक्त म्हणून हातात घेतली नाहीत. मला केसपेपर हवा होता.

तो मिळत नाही. जन्म १८८१चा, लोणी टाकळीचा. वर्षाचे व्हायच्या आतच डोळे आले, औषध चुकीचं पडलं आणि दृष्टी गेली, एवढंच चरित्रं सांगतात. एवढ्यावर निदान करू नये, तरी हात शिवशिवतात. त्या काळी पोराला गोवर यायचा, अंगात 'अ' जीवनसत्त्व नसायचं, बुबुळ आधी कोरडं आणि मग दुधाळ व्हायचं. घरचे त्यात मध घालत, पाल्याचा रस पिळत. रुईच्या चिकाने तर धडधाकट बुबुळही खराब होतं. शेवटी डोळ्यात फूल पडलं म्हणायचं आणि गप्प बसायचं. क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरने नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायची पद्धत मांडली तीही १८८०-८१च्या सुमारास. 'अ' जीवनसत्त्वाचा शोध लागायला १९१३ उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९१५मध्ये, महाराज पुण्यात गेले. वय अवघं चौतीस.

चौतीस वर्षांत लहानमोठे मिळून सव्वाशेच्या वर ग्रंथ. इथवर आलं की सांगणारा हात जोडतो आणि दैवी दृष्टीवर येऊन थांबतो. मला हे थांबणं पटत नाही. वेदान्त, व्याकरण, आयुर्वेद, संगीत, शिवाय डार्विन आणि स्पेन्सर यांचं खंडन, हे सगळं त्या माणसाच्या कानात कोणीतरी घातलं असणार. भारती ब्रेल आली १९५१मध्ये. म्हणजे अक्षर न् अक्षर दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. माधानच्या घरात कंदिलाच्या उजेडात कोणीतरी घसा कोरडा पडेपर्यंत वाचलं असेल, इंग्रजीतलं मराठीत समजावून दिलं असेल, आणि नंतर बोट दुखेपर्यंत उतरवूनही घेतलं असेल. चमत्कार म्हटलं की या माणसांची रात्रपाळी हिशेबातूनच जाते. त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडितांचं नाव तरी राहिलं, बाकीचे गेलेच.

पुस्तकांतून मात्र ते जात नाहीत, आणि मला ती आवडू लागली ती इथेच. 'साधुबोध' प्रश्नोत्तरांत चालतो. 'सूक्तिरत्नावली'च्या यष्ट्या, म्हणजे खंड, वाचतानाही कोणीतरी समोर बसून हटकतंय असं सारखं वाटतं. महाराज आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडू देतात, मगच उत्तराला हात घालतात. पूर्वपक्ष-सिद्धान्त ही शास्त्राची जुनीच रीत, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला पान मागे उलटता येत नाही, त्याला समोरच्याचं म्हणणं आख्खं डोक्यात धरावंच लागतं. रीत परंपरेची असली तरी गरज त्यांची स्वतःची होती. डार्विनबाबत त्यांचं उत्तर मला मान्य नाही. मी मेडिकल कॉलेजात शिकलेला माणूस आहे. तरी प्रतिपक्षाला इतकं ऐकून घेणारा लेखक मला दुसरा लवकर सापडत नाही.

कृष्णभक्तीची पदं वाचताना माझ्यातला डॉक्टर पुन्हा जागा होतो. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानणारा, कुंकू-मंगळसूत्र ल्यालेला हा माणूस. त्याच्या मधुराद्वैत या भक्तिविचारात सावळा रंग येणारच. पण वर्षाच्या आत दृष्टी गेलेल्या बाळाजवळ रंगाची आठवण उरत नाही. अशांच्या मेंदूत पाहण्यासाठी राखलेला भागही हळूहळू ऐकण्या-स्पर्शाच्या कामाला लागतो, हे आता तपासण्यांत दिसतं. म्हणजे तो सावळा रंग ज्ञानेश्वरांकडून ऐकून मिळालेला, वडिलांकडून मुलीला मिळावा तसा. ही पदं मी मनात वाचून पाहिली, जमलं नाही. मोठ्याने म्हटली की ताल आपसूक लागतो.

माझ्याकडे तपासणीला कॉलेजचा एक मुलगा येतो. त्याला जन्मापासून जेमतेम उजेड-अंधार कळतो. अभ्यासाची पुस्तकं तो मोबाइलकडून वाचून घेतो, पण 'सूक्तिरत्नावली' समोर धरली की यंत्र संस्कृत जोडाक्षरांवर तोंडघशी पडतं. म्हणून ओपीडी आटोपल्यावर मी किंवा कंपाउंडर वाचतो. परवा कंपाउंडरला घरी जायची घाई होती. आक्षेपाचा परिच्छेद गाळून त्याने थेट उत्तर वाचायला घेतलं. पोराने दुसऱ्याच वाक्याला त्याला अडवलं, "भाऊ, समोरच्याचं काय म्हणनं हाय थे आधी वाचा ना. मले त्याचंच पटते का काय, पाहू द्या."