जिना कुठून काढायचा

मुंबईतल्या आमच्या माहुलच्या घराला ओटी आहे आणि सध्या सगळा वाद तिच्यावरून चाललाय. दादाला वर मजला चढवायचाय. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय, धाकटा अजून माळ्यावर झोपतो, आई गुडघ्यांमुळे मधल्या खोलीतून फारशी हलत नाही. खोल्या वाढवायला हव्यात यावर कुणाचंच दुमत नाही. घर पंधरा फूट रुंद, बत्तीस फूट खोल. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, मागे गटार. म्हणजे वाढायचं ते वरच. वर जायला जिना हवा, आणि त्याला जागा कुणी द्यायची, इथे घोडं पेंड खातं.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन, सिव्हिल. नोकरीभर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. आता राहते घाटकोपरला, पण माहेरच्या घराचा नकाशा माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. "घरची माणूस असताना बाहेरच्याला पैसे कशाला," असं दादा म्हणाला. वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "किचनला हात लावणार नाही ना?"

ओटी म्हणजे पंधरा फूट लांब आणि पाच फूट रुंद, गल्लीपासून तीन पायऱ्या वर. शहाबादी फरशी, दोन सागवानी खांब, वर मंगलोरी कौलांचा उतार. डावीकडच्या खांबाला कमरेएवढ्या उंचीवर एक खाच आहे, बोट आत जाईल एवढी. आजोबा जाळ्याचं टोक त्या खांबाला बांधून फाटलेली डोल सांधत बसायचे. दोरी वर्षानुवर्षं एकाच जागी ओढली गेली आणि सागवान झिजलं. पहाटे त्याच फरशीवर आजी म्हावरं निवडायची. कोळंबी वेगळी, बोंबील वेगळे, बारीकसारीक घरच्या कालवणाला. ती टोपली घेऊन चेंबूरच्या बाजाराला गेली की फरशी धुतली जायची, आणि दुपारी आम्ही पोरं तिथेच अभ्यासाची वह्या-पुस्तकं पसरायचो. संध्याकाळी शेजारच्या बाया तांदूळ निवडायला येऊन बसायच्या. आत्यांची हळद इथेच झाली, माझीही. आजोबांना शेवटचं ठेवलं तेही इथेच, कारण ताटी आतल्या दारातून वळेना.

बाबांनी जाळं धरलं नाही. बर्माशेलची रिफायनरी माहुलला 1955 मध्ये सुरू झाली. तिच्या आदल्या वर्षी शेजारीच स्टॅनव्हॅकची झाली होती. त्यानंतरच्या पिढीतली पुष्कळ पोरं, बाबाही त्यांतलेच, खाडीऐवजी कंपनीच्या गेटाकडे चालू लागली. 1976 मध्ये बर्माशेल सरकारी झाली, नाव बदललं, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून बर्माशेलच म्हणतात. पगार आला तसं घर बदललं. मागची चूल जाऊन कडप्प्याचा ओटा आला, मधल्या खोलीत मोझॅक आलं, कुडाच्या जागी नऊ इंची वीट आली. ओटीला मात्र बाबांनी फक्त लोखंडी ग्रील लावायचं ठरवलं होतं. आजीने ते सुद्धा होऊ दिलं नाही. "पिंजऱ्यात बसून म्हावरं निवडू काय?" तेव्हा ती बाजाराला जायची थांबून बराच काळ लोटला होता.

आयटीआयला पहिल्या वर्षी आम्हाला राहत्या घराची मापं घेऊन शीट काढायला सांगितलं. प्रत्येक खोलीत तिचं नाव आणि आतलं सामान दाखवायचं. मधल्या खोलीत कॉट आणि कपाट, मागे ओटा आणि मोरी. ओटीवर दाखवायला काहीच नव्हतं. सरांनी त्या कोऱ्या पट्टीभोवती पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, "उपयोग?" ऑफिसात पुढे हेच रोज दिसत गेलं. नकाशात जे जागचं हलत नाही तेच उमटतं. पलंग उमटतो, फ्रिज उमटतो. जाळं, टोपली, पाहुणा, हळद, ही सगळी येऊन जाणारी. ती ज्या जागेवर येतात ती कागदावर रिकामी दिसते, आणि रिकामी दिसली की तिच्यावर पहिली लाल रेघ पडते. बाल्कन्या हॉलमध्ये घेतल्या जाताना मी कितीतरी वेळा ती रेघ स्वतः ओढली आहे. त्या काळी नकाशे अमोनिया प्रिंटवर निघायचे. तो वास ऑफिसात कुणालाच सोसायचा नाही, मला काही वाटायचं नाही. कारखान्यांच्या वासात वाढलेलं माहुलचं नाक!

तर जिन्याचा हिशेब. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे एकशेवीस इंच. पायरीची उंची सात इंच धरली तर सतरा चढ आणि सोळा पायऱ्या. पाऊल टेकायला दहा इंच हवेत. सरळ जिना काढला तर तो तेरा फूट चार इंच लांब होतो. मध्ये वळवला तर सहा फूट बाय पावणेदहा फूट, म्हणजे जवळजवळ एक छोटी खोली. दादाने हे ऐकून टेप घेतला, ओटी मोजली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बघ, पंधरा फूट आहे. सरळ जिना नेमका बसतो." बसतो खरा. तीन फूट रुंदीचा जिना गेला की पाचातले दोन फूट उरतात, आणि तो पुढच्या दारावरून आडवा जातो, म्हणून दार कोपऱ्यात सरकवायचं. कागदावर हे इतकं सुटसुटीत दिसतं की कुठलाही कंत्राटदार हेच सुचवेल. सुचवलंच.

बाहेरून जिना वाईटच असतो असं नाही. गिरगावच्या खोताच्या वाडीत कितीतरी घरांचे जिने बाहेरून आहेत आणि त्या घरांची शोभा त्यांच्यामुळेच आहे. पण तिथे व्हरांडा ठेवून जिना आहे, व्हरांडा मोडून नाही. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात खाडीपलीकडे बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजची घरं आखली, तेव्हा दोन घरांत सामाईक भिंत येऊ दिली नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपापलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी लागू नये म्हणून. आणि आकाशाखालचं अंगण हीसुद्धा त्यांनी घरातली एक खोलीच धरली. ऑफिसच्या एका सहलीत ते पाहताना मला आमची गल्ली आठवत होती. आमच्या भिंती पणजोबांच्या काळापासून एकमेकींना टेकलेल्या. शेजाऱ्याने खिळा ठोकला तर आमचा गणपतीचा फोटो हलतो.

याच भिंतींमुळे वरच्या मजल्याचा भार घेणारे कॉलमही कडेला घेता येत नाहीत. भिंतीलगत खड्डा खणला तर शेजारचा दगडी पाया उघडा पडतो. म्हणून कॉलम दोन फूट आत घ्यायचे आणि वरून बीम भिंतीपर्यंत न्यायचे. खाली तर भराव संपला की खाडीचा काळा चिखलच. इथे मात्र दादा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मी पंपाचं भाडं लिहीत होते. तो म्हणाला, "उधाणात खणलंस तर दिवसभर पाणीच उपसशील. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, तेव्हा खड्डे घे आणि दोन दिवसांत काँक्रीट भर." पुस्तकात हे नव्हतं. मी वेळापत्रकात तारखांच्या जागी तिथी लिहिल्या, आणि सळईवर काँक्रीटचं कव्हर जाड धरलं, कारण खाऱ्या हवेत गंज लवकर आत शिरतो.

खिडक्यांवरूनही बोलणं झालं. नव्या जोडप्याच्या खोलीची खिडकी रिफायनरीकडे केली तर रात्री तिथल्या ज्वाळेचा, फ्लेअरचा, उजेड पलंगावर येणार. वास तर वाऱ्यावर आहे, त्याला नकाशात इलाज नाही. खाडीकडे केली तर हिवाळ्यात चिखलावर उतरलेले रोहित दिसतील, आणि शिवडीकडून निघालेला अटल सेतूही. भावी सुनेला विचारलं. तिने खाडी निवडली, पण पक्ष्यांसाठी नाही. "तिकडे मोबाइलला रेंज चांगली येते."

कागदपत्रांची बाजू मी थोडक्यात सांगते, कारण तिच्यात रस घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव. वारस लावायचे म्हणजे आत्यांच्या सह्या आल्या. घर खाडीलगत, म्हणून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. 2011 च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांना वेगळी तरतूद होती; आता लागू असलेला नियम पाहून अर्जात आधार द्यायचा. थोरल्या आत्याने सही करण्याआधी नकाशा मागवून घेतला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि बोट ठेवून विचारलं, "गौरीला आम्ही आलो की बसायचं कुठं?"

दादाशी मग माझं चांगलंच वाजलं. तो म्हणतो, आता कोण जाळं विणतंय, कोण म्हावरं निवडतंय, ओटीवर फक्त चपला असतात. खोटं नाही ते. पण संध्याकाळी आई मधल्या खोलीतून उठून जिथवर येते ती जागा ओटी. गल्लीतलं माणूस तिला तिथेच भेटतं. वर काढलेल्या कुठल्याही खोलीत ती कधीच चढणार नाही. मजला तिच्यासाठी नाहीच, निदान जमीन तिची राहू दे, असं मी म्हटलं. आईने आतून एवढंच सांगितलं, "ओटीला हात लावायचा नाय."

शेवटी जिना आतून घेतला. डाव्या भिंतीलगत सरळ, पावणेतीन फुटी. मधल्या खोलीतून निघतो आणि स्वयंपाकघराचा कोपरा खातो. वहिनीने तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग तिनेच तोडगा काढला. जिन्याच्या उंच टोकाखाली सहा-सात फूट मोकळे मिळतात, तिथे फ्रिज आणि तांदळाचे डबे जातील, आणि सिंक मागच्या खिडकीखाली सरकेल. मी ते नकाशात घेतलं. माझ्या मूळ रचनेपेक्षा ते बरं आहे.

कंत्राटदाराने अंदाजपत्रक दिलं त्यात "ओटी तोडणे व नव्याने करणे" अशी बाब होतीच. ती मी खोडली. तो म्हणाला, मग रेती, खडी, मिक्सर ठेवू कुठे? गल्लीत टेम्पो येत नाही, सगळं घमेल्याने आणायचं. शेजारच्या काकांनी आपली ओटी देऊ केली. आमचं काम उरकलं की पावसाळ्यानंतर त्यांनाही याच माणसाकडून मजला चढवून घ्यायचाय. त्यांचा नकाशा त्याने दाखवला. जिना पुढून, बाहेरूनच आहे, आणि त्याची पहिली पायरी गल्लीत उतरते.