पानिपताहून परत

आमचे मूळपुरुष पानिपतावर पडले, हे आम्हां मुलांना मुळाक्षरांच्या आधी शिकवण्यात आले होते. भाद्रपदातल्या घातचतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, आत्या त्यांच्या नावाचे पान वाढी, आणि माझ्यासारख्या कारकुनाचीही छाती तेवढ्यापुरती रुंद होई.

या पराक्रमाला कागदाचा आधार मिळवावा म्हणून मी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी चढलो. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली ही संस्था काढली. तेथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. मोडी मी उतारवयात शिकलो. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवायची आणि लेखणी होता होईल तो उचलायची नाही. ऱ्हस्वदीर्घाचा जाच नाही; ‘दिन’ की ‘दीन’ हे वाचणाऱ्याने ठरवायचे!

चौथ्या दिवशी मूळपुरुष भेटले. नाव, बाप, गाव सारे तेच. कागद मात्र कर्जरोख्याचा. सन ‘सलास सबैन मया व अलफ’. सुहूर सनाचे हे अरबी आकडे: तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७३. त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३. आणि पानिपत तर १४ जानेवारी १७६१ चे! आमचे हुतात्मे त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी दोन बैलांसाठी कर्ज काढीत होते. खाली सहीऐवजी निशाणी होती. तलवारीची नव्हे, नांगराची.

ते लढून परतले की गेलेच नव्हते, हे कागद सांगत नाही. मी मात्र चोरासारखा घरी आलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला हे सांगावे कसे? दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनेच विचारले, आणि मी सांगून टाकले.

तिचा हात सुपात थांबला. “म्हणजे तो घरी आला होता?”

“होय.”

“अरे, मग अडीचशे वर्षं आपण त्याच्या बायकोला उगीच विधवा केलं की!” असे म्हणून ती चक्क हसली. डोळे मात्र तिने पदराने पुसले.

यंदा ते पान चतुर्दशीला वाढले नाही. दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, चारचौघा पितरांबरोबर वाढले. आणि वसुबारसेला एक पणती आमच्या ओस गोठ्यातही लावायची, असे आत्याने मला आजच बजावून ठेवले आहे.